पहिल्या पानावरचं नाव

प्रश्न दुसऱ्या रांगेतून आला. १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन, सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेचं सभागृह. वर पंखे गरगरत होते, पण वारा खाली पोहोचत नव्हता. ऑक्टोबरचं ऊन खिडकीच्या गजांतून सतरंजीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी अधूनमधून वर्तमानपत्रात लिहिते, म्हणून पाहुणी म्हणून बोलावलं होतं. भाषण झालं, गुलाबाचं फूल झालं, आणि बाईंनी मुलींना सांगितलं, विचारा काही. सातवीतली असावी ती. दोन घट्ट वेण्या, बोटाला शाई. उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "मॅडम, तुमचं सगळ्यात आवडतं पुस्तक कोणतं? आणि ते तुम्ही कितींदा वाचलंय?"

मी एका कादंबरीचं नाव सांगितलं. मोठ्या लेखकाची, मानसन्मान मिळालेली. नाव इथे लिहीत नाही, कारण त्या पुस्तकाचा यात काही दोष नाही. "तीनदा वाचलीय," असंही म्हणाले. खरं तर एकदाच हातात घेतली होती, सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर; दादर आलं तेव्हा शेवटची चाळीसेक पानं राहिली होती, ती राहिलीच. टाळ्या पडल्या. बाई कौतुकाने हसल्या. मुलगी खाली बसली, वहीचं मागचं पान उघडलं, ते नाव लिहून घेतलं आणि पट्टी लावून त्याच्याखाली रेघ मारली. टाळ्या मी तिथेच विसरले. ती रेघ मात्र माझ्याबरोबर घरी आली. रात्री भाकरी कुस्करताना, शेंगाचटणीवर दही घेताना, डोळे मिटल्यावरसुद्धा ती दिसत राहिली. सातवीतल्या पोरीशी खोटं बोलून मला काय मिळालं?

खरं उत्तर ४१२ हे होतं.

४१२ हे नाव नाही, क्रमांक आहे. बाळीवेशीजवळ आमच्या लहानपणी भाड्याने पुस्तकं देणारी एक लायब्ररी होती. एका घराच्या पुढच्या खोलीला रस्त्याकडून दार पाडलेलं, आत तिन्ही भिंतींना फळ्या, आणि त्या फळ्यांवर रहस्यकथा. नवी आलेली पुस्तकं दोरीला चिमटे लावून टांगलेली असत. मुखपृष्ठावर पिस्तूल, हॅट, घाबरलेली बाई. हातोहात फिरून पुस्तक फाटलं की मालक त्याला पुठ्ठ्याची बांधणी करून घ्यायचा आणि कण्यावर पांढऱ्या रंगाने आकडा टाकायचा. बांधणीत मुखपृष्ठ जायचं, बहुतेक वेळा नावाचं पानही जायचं. त्यानंतर ते पुस्तक आकड्यानेच ओळखलं जाई. "दोनशे सत्तर आलं का परत?" असं लोक दारातूनच विचारत. अण्णांनी माझ्यासाठी ४१२ आणलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्याचं खरं नाव काय आणि ते लिहिलं कुणी, हे मला कधीच कळलं नाही. पानांच्या माथ्यावर नुसते पृष्ठांक आहेत.

त्यात डोंगरावरचा एक बंगला आहे, पावसाळी रात्र आहे, आणि सगळे भिजून आलेले असताना कोपऱ्यात उभी केलेली एक कोरडी छत्री आहे. त्या छत्रीवरून गुप्तहेर खुन्यापर्यंत पोहोचतो. तशा कोरड्या छत्र्या आणि ओले बूट मी नंतर पुष्कळ पाहिले. पण त्या बंगल्यात एक लहान मुलगा असतो, आईविना, आणि त्याच्याशी मायेने बोलणारं एकच माणूस त्या घरात असतं. खुनी कोण ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते की खुनी सापडला आणि मला रडू आलं. पोलीस त्या माणसाला घेऊन जातात तेव्हा मुलगा विचारतो, "उद्या येणार ना?" आणि एवढा हुशार गुप्तहेर, त्याला काही उत्तर सुचत नाही. तो पायरीवर बसून राहतो. बरोबर उत्तर सापडूनही माणूस असा बसून राहू शकतो, हे मला आधी माहीत नव्हतं. ते मला कुठल्या धड्यात भेटलं नाही, थोरामोठ्यांच्या पुस्तकात भेटलं नाही. चार आणे भाड्याच्या पिवळ्या कागदावर भेटलं.

अण्णा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. तिसरी पाळी करून सकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू असत. आई त्यांना दाराबाहेरच टॉवेल झटकून घ्यायला लावायची. सदऱ्याच्या आत, बनियनला धरून, घामाने थोडं मऊ झालेलं पुस्तक. त्याला तेलाचा आणि कापसाचा मिळून एक वास यायचा. अजूनही आमच्या पूर्व भागातून जाताना यंत्रमागांची खटखट कानावर आली आणि सुताचा वास नाकात शिरला की मला पहिल्यांदा खून आठवतो. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण माझ्यासाठी ती घरची, मायेची आठवण आहे. रातपाळीच्या सुट्टीत लोक चहाला जायचे, अण्णा दिव्याखाली बसून वाचायचे. सकाळी आंघोळ करून, भाकरी खाऊन झोपण्याआधी पुस्तक माझ्या दप्तराशेजारी ठेवायचे. बोलायचे काहीच नाहीत. संध्याकाळी भोंगा व्हायच्या आधी फक्त विचारायचे, "कुणावर संशय हाय तुझा?" मी नाव सांगायची. ते हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत. चपला घालून निघून जायचे.

त्या लायब्ररीच्या वाचकांना एक वाईट खोड होती. वाचून झालं की पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचे. 'खुनी – डॉक्टर.' 'मामानेच मारला.' माझ्या मैत्रिणीच्या भावाने आणलेल्या पुस्तकांत असली नावं हमखास असायची आणि ती चिडून रडायची. माझ्या हाती आलेल्या पुस्तकांत मात्र त्या जागी करडा डाग असायचा. कागद घासून पातळ झालेला, लव उठलेला. मला वाटायचं, मालक चांगला आहे, तोच खोडत असेल.

घरात या पुस्तकांना जागा नव्हती. म्हणजे ती असायची, पण गादीखाली. एकदा शाळेतले एक गुरुजी कसल्याशा वर्गणीसाठी घरी आले. अण्णांनी हातातलं पुस्तक उशीमागे सरकवलं आणि देव्हाऱ्याजवळचा पांडवप्रताप पुढ्यात घेतला. गुरुजी खूश झाले. "वा, श्रमिक माणूस, पण वाचन काय!" असं म्हणाले. अण्णा मान खाली घालून हसले. ते हसणं मी पाहिलं होतं. त्या दिवशी शाळेच्या सभागृहात मी नेमकं तसंच हसले.

पुढे बँकेत लागले, हिराचंद नेमचंद वाचनालयाची सभासद झाले, भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स वाचला, मग अडखळत इंग्रजीतून अगाथा ख्रिस्ती वाचली. आवड तीच राहिली, लपवणं तेवढं सफाईदार झालं. सासरी पाहुणे आले की टीपॉयवरचं पुस्तक बदलायची. साहित्यप्रेमी मैत्रिणींत हे "वेळ घालवायला वाचायचं" असं म्हणायची. आणि दुसरे लोक या लेखकांबद्दल चांगलं बोलायचे तेव्हाही मला काहीतरी खटकायचं. काय, ते पुष्कळ उशिरा लक्षात आलं. त्यांची स्तुती नेहमी मोजून केलेली असते. बाबुराव अर्नाळकरांचं नाव निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं : हजारावर रहस्यकथा लिहिल्या. अगाथा ख्रिस्तीचं नाव निघालं की २०० कोटींच्या घरात गेलेला प्रतींचा आकडा, आणि १९५२ साली लंडनमध्ये सुरू झालेलं तिचं 'द माउसट्रॅप' करोनाचा खंड सोडला तर अजून चालूच आहे, हा विक्रम. किती लिहिलं, किती खपलं, किती वर्षं चाललं. अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड कुणाला रात्रभर काय देऊन गेला, हे कुणी विचारत नाही. कवीच्या कविता कुणी अशा मोजत बसत नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्याला मान मिळतो तो गिरणीला मिळतो तसा, उत्पादनाबद्दल. हे मला साच्यावरच्या माणसाची मुलगी म्हणून जास्त टोचतं. अण्णांनी जन्मभर किती मीटर कापड विणलं, याचा हिशेब कुठेतरी असेल. काठ किती सरळ आला, हे फक्त त्यांना माहीत होतं.

आणि खरा पुरस्कार मिळतो तो दुसऱ्याच कशाला तरी. शरदिंदू बंद्योपाध्याय, व्योमकेश बक्षी या बंगाली गुप्तहेराचे लेखक, आपल्या पुण्यात येऊन राहिले होते, १९५२ पासून. दूरदर्शनवर १९९३ साली रजित कपूरचा व्योमकेश लागला तेव्हा आमच्या वाड्यात ज्या दोनचार घरांत टीव्ही होते त्या घरांत दाटी व्हायची. पण हा माणूस पुण्याच्या रस्त्यांवरून चालायचा, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. १९६७ सालचा रवींद्र पुरस्कार त्यांना मिळाला तो 'तुंगभद्रार तीरे' या विजयनगरच्या काळातल्या कादंबरीसाठी. इतिहास त्यांच्या फार जिव्हाळ्याचा होता. शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या मराठी पोराच्या गोष्टीही त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. पुरस्कार योग्यच होता. तरी मला वाटतं, व्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवून घेतो. हा एक शब्द घडवणाऱ्या लेखकाला त्या शब्दासाठीच कुणीतरी शाल द्यायला हवी होती. आपल्याकडे सुहास शिरवळकरांचंही असंच. त्यांच्या रहस्यकथांतल्या दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास यांच्यावर जीव टाकणारे वाचक मी बँकेच्या काउंटरपलीकडे पाहिलेत. पण चारचौघांत नाव घ्यायचं तर 'दुनियादारी'चं.

रेघ झोपू देईना, म्हणून त्या रात्री मी कपाटासमोर बसले. मनात एक प्रश्न आला होता. रहस्यकथा लिहिणाऱ्यांनाच कुणी विचारलं, की तुमचं आवडतं पुस्तक कोणतं, तर ते काय सांगतात?

कॉनन डॉयलने तर १९०७ साली 'थ्रू द मॅजिक डोअर' म्हणून आपल्या आवडत्या पुस्तकांवरच एक पुस्तक लिहिलं. त्यातली एक आठवण मला कायम पुरली आहे. विद्यार्थी असताना दुपारच्या खाण्यासाठी त्याच्या खिशात तीन पेन्स असायचे, आणि वाटेवरच्या पुस्तकाच्या दुकानाबाहेर एक टब ठेवलेला असायचा, फाटक्या पुस्तकांचा, कुठलंही उचला, तीन पेन्स. सहातून पाच वेळा भूक जिंकायची. सहाव्या वेळी पुस्तक. हे वाचलं की मला चहा सोडून दिव्याखाली बसलेले अण्णा दिसतात. पण त्या पुस्तकात त्याची लाडकी पुस्तकं कोणती? मेकॉले, स्कॉट, इतिहास, निबंध. आणि ज्याच्यामुळे जग त्याला ओळखतं त्या होम्सला त्याने १८९३ साली कड्यावरून ढकलून दिलं, कारण त्याला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. डोरोथी सेयर्सचंही तसंच. लॉर्ड पीटर विम्झीच्या कादंबऱ्यांनी नाव मिळवून दिलं, पण १९३७ नंतर तिने त्याची कादंबरी पुरी केली नाही. शेवटची वर्षं ती दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्याचं भाषांतर करत होती. 'इन्फर्नो' १९४९ साली आलं, 'पर्गेटोरिओ' १९५५ साली, आणि स्वर्गाचा भाग अर्ध्यात असताना १९५७ साली ती गेली. तो तिच्या मैत्रिणीने पुरा केला. खुद्द ख्रिस्तीने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की एलिझाबेथ बोवेन, म्युरिएल स्पार्क किंवा ग्रॅहॅम ग्रीनसारखं लिहिता आलं असतं तर आनंदाने उडी मारली असती, पण ते आपल्याला जमणारं नाही.

मला राग आला. खरंच आला, मध्यरात्री. म्हणजे तुम्हीसुद्धा? आम्ही गादीखाली लपवून तुम्हाला वाचायचं, आणि तुम्ही पाहुणे आल्यावर दान्तेला पुढ्यात घेणार?

राग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. मग ख्रिस्तीचंच एक वाक्य पुन्हा वाचताना तो ढिला पडला. डिकन्सच्या कादंबऱ्यांत तिची सगळ्यात लाडकी 'ब्लीक हाउस'. या कादंबरीवर सिनेमा काढायचं ठरलं तेव्हा तिने पटकथा लिहायला घेतली होती. सिनेमा निघाला नाही. आता 'ब्लीक हाउस'मध्ये आहे काय? कोर्टात पिढ्यान् पिढ्या अडकलेला दावा आहे, धुकं आहे, आणि एका वकिलाचा खून आहे. त्या खुनाचा माग काढणारा इन्स्पेक्टर बकेट हा इंग्रजी कादंबरीतल्या अगदी पहिल्या गुप्तहेरांपैकी एक. ती पुस्तक बदलून पुढ्यात घेत नव्हती. आपलं माहेर दाखवत होती.

आणि पी. डी. जेम्स, इंग्रज रहस्यकथाकार. ही मला सगळ्यांत जवळची, कारण ती नोकरी करणारी बाई. नवरा युद्धावरून मनाने मोडून परतलेला, दोन मुली, पगार हिचा. इस्पितळांच्या प्रशासनात काम करायची आणि पहाटे उठून, कामावर जाण्याआधी लिहायची. पहिली कादंबरी १९६२ साली आली तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. तिची लाडकी लेखिका जेन ऑस्टिन. ज्या लेखिकेच्या पुस्तकांत मुली लग्नाची वाट बघतात, चहा पितात, पावसात भिजून सर्दी होते, तिच्या 'एमा'वर जेम्सने १९९८ साली भाषण दिलं, आणि विषय घेतला : 'एमा', रहस्यकथा म्हणून. प्रेत नाही, पोलीस नाही. पण पियानो कुणी पाठवला? कोण कुणाला लपूनछपून भेटतंय? सगळे पुरावे आपल्या डोळ्यांसमोर मांडलेले असतात, आणि एमाबरोबर आपणही चुकीच्या माणसाकडे बघत राहतो. हे वाचलं आणि मी पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. कारण हे मी आधी ऐकलेलं होतं. श्रावणात, आमच्या ओसरीवर.

अण्णा श्रावणात पांडवप्रताप लावायचे. गुरुजींसमोर पुढ्यात ओढला होता तोच. हा ग्रंथ रचणारा श्रीधर आपल्याच जिल्ह्यातला, सांगोल्याकडच्या नाझऱ्याचा. हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत. तीनशे वर्षं खेड्यापाड्यांतल्या, अक्षरओळख नसलेल्या बायाबापड्यांनीसुद्धा कानांनी वाचलेला कवी. विद्वानांच्या पंगतीत मात्र त्याचं पान नेहमी जरा खाली, ज्ञानेश्वर, मुक्तेश्वर, मोरोपंतांच्या नंतर. सोपा आहे, रसाळ आहे, लोकप्रिय आहे, असं त्याच्याबद्दल म्हणतात. सूर मला ओळखीचा वाटतो.

अज्ञातवासाचा भाग आला की अण्णांचा आवाज बदलायचा. ओव्या वाचून झाल्या की चष्मा काढून ते गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायचे, आणि ऐकायला शेजारच्या मागावरच्या तेलुगू बायकाही येऊन बसायच्या, निम्मं कळायचं, निम्मं अण्णांच्या हावभावांवरून कळायचं. विराटाच्या नगरीत कीचक मारला जातो, रात्री, अंधाऱ्या नृत्यशाळेत. शरीराचा पार गोळा करून टाकलेला. लोक म्हणतात, गंधर्वांनी मारला. अण्णा थांबायचे. "आता हिकडं हस्तिनापुरात बातमी गेली. दुर्योधन काय म्हणतो? अरे, कीचकाला हातानं मारणारी माणसं पृथ्वीवर हायत किती? बोटं मोजली त्यानं. हा इथं, तो तिथं. राहिला कोण? भीम! म्हणजे पांडव कुठं हायत? विराटाकडं!" मग माझ्याकडे बघून हळूच म्हणायचे, "कळलं का? कुणी बघितलं नाही, तरी काढलं की शोधून." मी लहान होते, मला वाटायचं, अण्णा रहस्यकथेची सवय पोथीला लावतायत. आता वाटतं, पी. डी. जेम्सने 'एमा'शी जे केलं तेच ते करत होते. त्यांच्या मनात वरची फळी आणि खालची फळी नव्हतीच. उशीमागे सरकवलेलं पुस्तक आणि पुढ्यात घेतलेला ग्रंथ, दोन्ही त्यांचे खरे आवडते. लाज होती ती गुरुजींची, पुस्तकाची नव्हे. माझं तसं नव्हतं. मी सांगितलेली कादंबरी माझी आवडती नव्हतीच. अण्णांनी एक खरं लपवून दुसरं खरं दाखवलं. मी खोटं दाखवलं.

पोरीच्या प्रश्नाचा दुसरा भाग तर मी विसरलेच होते. कितींदा वाचलंय? विल्की कॉलिन्सच्या १८६८ सालच्या 'द मूनस्टोन'मध्ये, ज्या कादंबरीला टी. एस. एलियटने इंग्रजीतली पहिली, सगळ्यात लांब आणि सगळ्यात चांगली आधुनिक रहस्यकथा म्हटलं, एक म्हातारा कारभारी आहे, बेटरेज. त्याचं एकच आवडतं पुस्तक, 'रॉबिन्सन क्रूसो'. मन खट्टू झालं की क्रूसो, सल्ला हवा की क्रूसो. वाचून वाचून सहा प्रती झिजवल्या, सातवी मालकिणीने स्वतःच्या वाढदिवसाला त्याला दिली. घरातून श्रीरंगपट्टणमच्या लुटीतला हिरा चोरीला गेलाय, पोलीस दारात आहेत, आणि हा क्रूसोचं पान उघडून बघतोय. रहस्यकथेच्या आत बसून दुसऱ्याचं पुस्तक वाचणारा हा माणूस मला फार आवडतो. आवडतं पुस्तक म्हणजे झिजलेलं पुस्तक, एवढी साधी ओळख त्याला माहीत होती. त्या मुलीलाही माहीत असणार, म्हणून तर तिने आकडा विचारला.

रविवारी आईकडे गेले. ती चौऱ्याऐंशीची आहे, बाळीवेशीतल्या जुन्या घरातच राहते. पलंगाखालची ट्रंक ओढून काढली. वर दोन चादरी, लग्नातल्या, मोराची नक्षी विटलेली. खाली अण्णांचं गिरणीचं तिकीट, चष्म्याचं घर, आणि पाच बांधीव पुस्तकं. गिरण्या बंद पडत गेल्या तशी ती लायब्ररीही बसली. मालकाकडे अनामत परत द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने अण्णांना सांगितलं होतं, कुठलीही पाच उचला. ती पाच. अण्णांनी त्यांत ४१२ उचललं होतं. त्यांना कसं कळलं होतं, कुणास ठाऊक. मी रडले होते ते तर ते झोपल्यावर.

मी पुठ्ठा उघडला. पहिल्या पानावर तो करडा डाग होता. "मालक बरा माणूस होता, नाही गं?" मी म्हटलं. "प्रत्येक पुस्तकातलं नाव खोडत बसायचा."

आई लसूण सोलत होती. वर बघितलंसुद्धा नाही. "मालक कशाला खोडंल? तुझे अण्णाच की. रातपाळी करून यायचे, डोळे असे लाल, आन् भाकरी वाढून ठिवली तरी आधी खोडत बसायचे. मी वरडायची. म्हणायचे, थांब, पोरगी उठायच्या आत करतो. खोडरबर दाढीच्या डब्यात ठिवायचे ते."

लसणाची सालं पंख्याच्या वाऱ्याने फरशीभर उडत होती. मी ती गोळा करत बराच वेळ खाली बसून राहिले.

शाळेत गेले ते दिवाळीच्या सुट्टीनंतर. बाईंना सांगितलं, त्या मुलीला भेटायचंय. मधल्या सुट्टीत ती आली, हातात डबा, चेहऱ्यावर काही चुकलं का असा भाव. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मॅडम, ते पुस्तक मी लायब्ररीतनं घेतलं. अर्धं झालंय. मला कळेना झालंय, पण मी वाचणार आहे पूर्ण." माझा घसा आवळला. मी तिला सांगितलं, की मीही ते पूर्ण वाचलेलं नाही. तीनदा तर नाहीच. तुला खोटं सांगितलं. तिने डोळे मोठे केले. रागावली नाही; तिला बहुधा सुटल्यासारखं वाटलं. "मग आवडतं कोणतं?" तिने विचारलं.

मी पिशवीतून ४१२ काढलं. तिने उलटसुलट करून बघितलं. कण्यावरचा आकडा बोटाने चाचपला. "नाव काय ह्याचं?"

"चारशे बारा."

"आणि कितींदा?"

मी मोजलं नव्हतं. अकराव्या वर्षी एका महिन्यात चारदा, दहावीच्या सुट्टीत, अण्णा गेले त्या वर्षी, आणि परवा, आईच्या पलंगावर बसून. तिला तसंच सांगितलं. ती पायरीवर बसली, डबा बाजूला ठेवला आणि पुठ्ठा उघडला. पहिल्या पानावर तिची नजर थांबली. मुलं हुशार असतात. तिने पान उचलून उन्हाकडे धरलं, डोळे बारीक केले. घासलेल्या कागदातून पेन्सिलीच्या दाबाच्या रेघा दिसायला लागल्या होत्या.

मी त्यावर हात ठेवला.

"ते नको बघू आत्ता," मी म्हटलं. "वाचून झालं की मी विचारणार आहे, कुणावर संशय आहे तुझा."